शिवराईची मोजदाद



नाण्यांचा नवा कॅटलॉग हाती पडला की संग्राहक आधी आपलं नाणं त्यात शोधतो. सापडलं नाही की दुर्मिळ म्हणून त्याचा भाव चढतो. पण कॅटलॉगात नसलेलं नाणं दुर्मिळच असेल असं कशावरून? ग्रंथच अपुरा असू शकतो. तो किती अपुरा आहे हे तपासता येतं का, एवढाच आज माझा विषय आहे.

यंत्रावर पडलेल्या नाण्यांबाबत ते सोपं आहे. आपल्या प्रजासत्ताकाची नाणी घ्या. सालाखाली हिऱ्याची खूण असली तर टाकसाळ मुंबईची, चांदणी असली तर हैदराबादची, टिंब असलं तर नोएडाची. कोलकात्याची खूणच नसते. साल, किंमत आणि टाकसाळ यांचा तक्ता मांडला की रिकामी घरं दिसतात. दुकानात उभ्या उभ्या परीक्षा घ्यायची असेल तर 1985 चा रुपया काढा. त्या साली काही रुपये परदेशातून पाडून आणले. बर्मिंगहॅमच्या नाण्यांवर 'एच' हे अक्षर आहे, तर लँट्रिसंटच्या नाण्यांवर सालाच्या पहिल्या आकड्याखाली हिरा आहे. हे दोन्ही ज्या पुस्तकात वेगळे दाखवलेले नाहीत, त्याच्या लेखकानं खुणा भिंगाखाली पाहिलेल्याच नाहीत. मग त्या पुस्तकातल्या कोलकात्याच्या नोंदींवरही मी विसंबणार नाही. 'खूण नाही' हे तिथं पाहून लिहिलंय की न पाहता, ते कळायला मार्ग उरत नाही.

शिवराईपाशी मात्र हा तक्ता मांडताच येत नाही. 1674 च्या राज्याभिषेकानंतर एका बाजूला 'श्री राजा शिव' आणि दुसऱ्या बाजूला 'छत्रपति' अशी अक्षरं घेऊन हे तांब्याचं नाणं चालू झालं आणि पेशवाई बुडाल्यानंतरही ते बाजारात फिरत राहिलं. त्यावर साल नाही, टाकसाळीचं नाव नाही. ठसे हातानं कोरलेले, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घ बदलतात, अक्षरांची वळणं बदलतात, ठिपके आणि चिन्हं बदलतात. पुढे दोन आडव्या रेघांची दुदांडी आली. ठसा चकतीपेक्षा मोठा असल्यामुळे पुष्कळ नाण्यांवर अर्धाच मजकूर उमटतो. अशा नाण्याची 'संपूर्ण यादी' कुणी छापली तर ती कशाच्या मानानं संपूर्ण, हे आपण विचारलंच पाहिजे.

इथं गणित मदतीला येतं. दुसऱ्या महायुद्धात सांकेतिक संदेश उलगडताना ॲलन ट्युरिंग यांना एक विचार सुचला. त्यांचे सहकारी आय. जे. गुड यांनी तो 1953 साली मांडून प्रसिद्ध केला. समजा, तुमच्यापुढे 200 शिवरायांचा ढीग आहे. प्रकारवार लावल्यावर 30 प्रकार असे निघाले की प्रत्येकाचं एकच नाणं आहे. तर पुढचं येणारं नाणं अजिबात न पाहिलेल्या प्रकारचं असण्याची शक्यता 200 ला 30, म्हणजे शेकडा 15. एकटी नाणी जितकी जास्त, तितकं बाहेर राहिलेलंही जास्त. आपल्याला न दिसलेल्या नाण्यांचा अंदाज दिसलेल्या नाण्यांमधूनच बांधता येतो, हे मला फार मोलाचं वाटतं.

अट एकच, ढीग निवडलेला नसावा. संग्राहकाची पेटी इथं निरुपयोगी, कारण नेहमीची शिवराई त्यानं केव्हाच विकून टाकलेली असते आणि वेगळी तेवढी ठेवलेली असते. तिथं एकट्या नाण्यांची संख्या फुगलेलीच येणार. खरा उपयोग होतो तो एका हंड्यात सापडलेल्या, न फोडलेल्या निधीचा. 1878 च्या निखात निधी कायद्यानुसार असा निधी सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. पण तांब्याला कोण विचारतो? वजनावर मोड म्हणून गेलेलं तांबं आणि त्याबरोबर वितळलेली माहिती आता परत मिळणार नाही.

ग्रंथकारांवर राग धरण्यात अर्थ नाही. माहेश्वरी आणि विगिन्स यांचा मराठ्यांच्या टाकसाळींवरचा इंग्रजी ग्रंथ नाशिकजवळच्या अंजनेरीच्या नाणेशास्त्र संस्थेनं 1989 मध्ये काढला. टाकसाळवार मांडणीमुळे त्यात निदान उणं काय ते नेमकं दाखवता येतं. क्राउसच्या जागतिक कॅटलॉगाचे खंड शतकवार आहेत. मराठ्यांचे कित्येक रुपये शाह आलम बादशहाच्या नावानं पडले, आणि ते नाव 1806 मध्ये तो वारल्यानंतरही नाण्यांवर चालू राहिलं. त्यामुळे एकाच टाकसाळीचा माल दोन खंडांत विभागला जातो आणि जोडावरची नाणी नेमकी निसटतात. तपासणाऱ्यानं हे सांधे आधी पाहावेत.

माझी मागणी लहान आहे. यापुढे शिवराईवर लिहिणाऱ्यानं प्रत्येक प्रकारापुढे आपण किती नाणी स्वतः पाहिली तो आकडा छापावा. आणि इथं बसलेल्यांपैकी ज्यांच्या घरी शिवरायांची जुनी थैली असेल, त्यांनी ती निवडू नये, चिंचेनं घासू नये. आहे तशी मोजावी, प्रत्येक नाण्याचं वजन, दिसणारी अक्षरं आणि थैली कुठल्या गावची ते वहीत लिहावं, आणि मगच ती कुणाला दाखवावी.