हाडांची पुंजी

(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



आजच्या आनंदाच्या दिवशी हाडांचा विषय काढलेला पाहून काहीजणींना हसू आले असेल. पण जरा आपापल्या घराकडे नजर टाका. आई किंवा सासूबाई साठीच्या पुढे गेल्या की कमरेत वाकतात, उंचीने कमी दिसू लागतात आणि एके दिवशी मोरीत पाय घसरल्याचे निमित्त होऊन खुब्याचे हाड मोडते. आपण म्हणतो, "वयच झाले!" हा सगळा वयाचा दोष नव्हे, हेच मला आज सांगायचे आहे.

हाड जिवंत असते. जुने झिजते, नवे भरते. साधारण तिशीपर्यंत भर जास्त पडते; पुढे झीज वरचढ होते. पाळी गेल्यानंतरची पाच-दहा वर्षे तर ती झपाट्याने होते. हाड आतून विरळ आणि ठिसूळ होते. डॉक्टर यालाच ऑस्टिओपोरोसिस म्हणतात. हा आजार दुखत नाही. बहुधा हाड मोडते तेव्हाच त्याची पहिली बातमी कळते. म्हणून मुलीच्या वयात साठवावे आणि म्हातारपणी पुरवून खावे, अशी ही पुंजी आहे. पाळी जाण्यापूर्वीच गर्भपिशवीबरोबर बीजकोशही काढले, तर ही झीज लवकर सुरू होते. तेव्हा कुणी "पिशवी काढून टाका" म्हटले, तर दुसऱ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घाई करू नका.

आता आपल्या जुन्नर-आंबेगावकडे पाहू. पहाटे उठून गोठा झाडायचा, धार काढायची आणि किटली भरून डेअरीला पाठवायची, हे काम बहुतेक घरी बाईचेच. पण तिच्या वाट्याला दूध किती येते? चहापुरते! दिवसाला बाईला 1000 मिलिग्रॅम कॅल्शियम हवे, आणि पाळी गेलेल्या किंवा अंगावर पाजणाऱ्या बाईला 1200, असे भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने 2020 साली सांगितले आहे. पेलाभर दुधातून सुमारे 240 मिळते. चहातल्या दोन चमच्यांतून बारा-पंधरासुद्धा मुश्किलीने. दुधाच्या पैशावर घर चालते, हे मला ठाऊक आहे. तरी किटलीचे झाकण लावण्यापूर्वी एक पेला स्वतःसाठी आणि एक लेकीसाठी बाजूला काढा. मुलाला दूध आणि मुलीला चहा, ही रीत तर आजपासून बंद करा.

दूध परवडत नसेल, तर नाचणी आहे. भीमाशंकर, आहुपे, नाणेघाट या डोंगरपट्ट्यातल्या भगिनी ती पिढ्यान् पिढ्या पिकवतात. आपण मात्र तिला गरिबाचे धान्य म्हणून नाक मुरडतो. शंभर ग्रॅम नाचणीत सुमारे 360 मिलिग्रॅम कॅल्शियम असते. तेवढ्याच ज्वारीत तीसच्या आत आणि तांदळात दहाच्याही आत. भारताच्या पुढाकाराने 2023 हे वर्ष साऱ्या जगाने भरड धान्यांचे वर्ष म्हणून पाळले. मग आपल्याच चुलीवर तिला मान का नसावा? नाचणी भिजवून, मोड आणून दळली किंवा तिची आंबील केली, तर ती अंगी अधिक लागते. जोडीला तिळाची चटणी, शेवग्याचा पाला, मेथी आणि वाटीभर दही किंवा ताक असावे. डाळी-उसळीही हव्यात, कारण हाडाला प्रथिनेही लागतात.

हे सारे पचून हाडात जायला ड जीवनसत्त्व हवे, आणि ते उन्हाने अंगात तयार होते. शेतावर जाणाऱ्या बाईला ऊन मिळते. पण घरातून दुकानात आणि दुकानातून घरात, अशा फेऱ्या घालणारीने रोज पंधरा-वीस मिनिटे हात-पाय उघडे ठेवून उन्हात बसावे. गोळ्या-इंजेक्शने मात्र डॉक्टरांना विचारूनच घ्यावीत.

"दिवसभर राबतो, आणखी व्यायाम कशाला?" असे तुम्ही म्हणाल. पण बसून भाजी निवडणे आणि अंगाचा भार पायांवर घेऊन चालणे यांत फरक आहे. भराभर चालावे, चढ चढावा. ज्यांचे गुडघे साथ देतात त्यांनी मैत्रिणी जमवून शिवनेरीच्या पायऱ्या चढाव्यात. फुगडीनेही हाडांवर चांगला भार येतो, पण ती तरुणींनी घालावी. ज्यांची हाडे ठिसूळ झाली आहेत त्यांनी वाकून हंडा उचलू नये.

साठी ओलांडलेल्या, लहानशा पडण्याने हाड मोडलेल्या, किंवा दम्यासाठी, सांध्यांसाठी बराच काळ स्टेरॉइडच्या गोळ्या घेतलेल्या बायकांनी डॉक्टरांना विचारून हाडांची घनता मोजून घ्यावी. तपासणी दुखत नाही आणि आजारावर औषधेही आहेत. घरी मोरीतले शेवाळ घासून काढा, भिंतीला धरायला दांडा बसवा, रात्री दिवा असू द्या.

भगिनींनो, सर्वांना वाढून झाल्यावर उरलेले आपण खातो आणि त्यालाच संसार म्हणतो. पण घराचा कणा म्हणवून घ्यायचे, तर आधी आपला कणा ताठ हवा. उद्या सकाळी तो एक पेला बाजूला काढलात, तर माझ्या बोलण्याचे सार्थक झाले असे मी समजेन.