शौचाचं कुणी बोलत नाही

आज मी शौचाबद्दल बोलणार आहे. हसलात तरी चालेल.

झाडावरून, विहिरीच्या कामावर, मोटरसायकलवरून पडून मणका मोडलेली आपल्या नगर जिल्ह्यातली पोरं मी वॉर्डात पाहते. पाय गेले हे सगळ्यांना दिसतं. शौचाचा ताबाही गेला, हे घरचे सांगत नाहीत. पाकीचा विषय निघाला की पोरगाच तोंड फिरवतो, नमाज सोडतो. हनफी फिकहमध्ये असा माणूस माजूर ठरू शकतो. प्रत्येक वक्ताला नवी वजू करावी आणि पढावी, एवढंच.

इलाज साधा आहे. रोज एकच वेळ, जेवणानंतर साधारण अर्ध्या तासाने. हातमोज्याला जेली लावून गुदद्वारात बोट हळू फिरवायचं. काहींचा मल बोटानेच काढावा लागतो. कुणाला काय लागेल ते डॉक्टर सांगतात.

छातीच्या सहाव्या मणक्याला किंवा त्याच्या वर मार असेल, तर तुंबलेल्या मलाने रक्तदाब एकदम चढतो. डोकं ठणकतं, चेहरा घामाने भिजतो. मेंदूत रक्तस्रावही होऊ शकतो. इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेने २०१८ मध्ये रुग्णालयांना यावर खास इशारा दिला होता.

इथे हे काम आई नाहीतर बायको करते, तेही न शिकता. डिस्चार्जआधी नर्सकडून शिकून घ्या, कागदावर लिहून मागा. आणि भाईजान, हातमोजा तुमच्याही मापाचा मिळतो.