पुन्हा वाकायला शिकवताना



या परिषदेच्या अध्यक्षीय भाषणासाठी संयोजकांनी विषय विचारला तेव्हा मी लगेच सांगितलं, ‘जुनाट कंबरदुखी आणि पिलाटेस.’ त्यावर एका तरुण सहकाऱ्याने विचारलं, “मॅडम, ते तर महागड्या स्टुडिओतल्या लोकांचं ना? आपल्या ओपीडीत कोण करणार?” त्याचं उत्तर द्यायचं म्हणूनच आज मी इथे उभी आहे.

सुरुवात एका बाईंपासून करते. पोळी-भाजी केंद्रात काम करतात, रोज तीनशेच्या वर पोळ्या लाटतात. सहा वर्षांची कंबरदुखी. माझ्याकडे आल्या तेव्हा पिशवीत एमआरआयच्या फिल्म, कमरेचे दोन पट्टे आणि मलमांच्या अर्धवट ट्यूब. खुर्चीत बसण्याआधीच म्हणाल्या, “माझ्या मणक्यात गॅप आहे. मला वाकायचं नाही.” मी विचारलं, “मग चपला कशा घालता?” म्हणाल्या, “मुलगी पायापुढे सरकवते.”

त्यांना चटईवर उताणं झोपायला सांगितलं, तर तेवढ्यासाठी दोन मिनिटं लागली. एक हात भिंतीला, दुसरा कमरेवर, जबडा आवळलेला आणि श्वास पूर्ण रोखलेला. झोपल्यावरही पोट दगडासारखं. मी त्यांच्या बरगड्यांच्या खालच्या कडेवर बोटं ठेवली आणि म्हटलं, “सावकाश श्वास सोडा.” जमेना. छाती वर-खाली होत होती, पोट जागचं हलत नव्हतं. शेवटी विचारलं, “चूल पेटवलीय कधी?” “माहेरी रोज पेटवायचे की.” “मग फुंकणीतून फुंकर घाला.” ओठांचा चंबू करून त्यांनी लांब फुंकर घातली आणि माझ्या बोटांखाली पोटाचा खालचा भाग अलगद आत गेला. ज्या स्नायूला जागं करायला आम्ही वर्गात आकृत्या काढतो, तो फुंकणीच्या आठवणीने जागा झाला. मग गुडघे दुमडून ओटीपोट किंचित पुढे-मागे कलवायला सांगितलं. त्याही क्षणी त्यांनीच तोड काढली: “म्हणजे पोटावर पाण्याची परात ठेवलीय आणि सांडायची नाही, असंच ना?” पहिले तीन आठवडे आम्ही एवढंच केलं. चौथ्या आठवड्यात कंबर जमिनीवरून एकेक मणका करत उचलायची आणि तशीच एकेक मणका करत खाली ठेवायची, हे सुरू केलं. पिलाटेसच्या भाषेत हा ब्रिज. त्या आठवड्यात निघताना त्यांनी चप्पल स्वतः घातली. दुखणं गेलेलं नव्हतं, पण चप्पल घालता आली.

या चपलेत माझ्या म्हणण्याचं मर्म आहे.

आधी ही पद्धत आली कुठून ते सांगते. ती ज्यांच्या नावाने ओळखली जाते ते जोसेफ पिलाटेस 1883 साली जर्मनीतल्या म्योंशनग्लाडबाख इथे जन्मले. दमा आणि मुडदूस यांनी लहानपणीच घेरलेला हा मुलगा व्यायामाच्या मागे लागला. पहिल्या महायुद्धात ते इंग्लंडमध्ये होते आणि जर्मन म्हणून स्थानबद्ध झाले. आयल ऑफ मॅनच्या छावणीत अंथरुणाला खिळलेल्यांना व्यायाम देण्यासाठी त्यांनी खाटांना स्प्रिंगा बांधल्या, असं सांगतात. स्प्रिंगांच्या आधारे व्यायाम करवणाऱ्या आजच्या रिफॉर्मर यंत्राची कथा तिथून सुरू होते. 1926 मध्ये ते न्यूयॉर्कला गेले. पत्नी क्लारा यांच्यासोबत त्यांनी एट्थ अव्हेन्यूवर स्टुडिओ चालवला आणि दुखापत झालेले नर्तक तिथे येऊ लागले. आपल्या पद्धतीला ते स्वतः ‘कंट्रोलॉजी’ म्हणत, म्हणजे नियंत्रणाचं शास्त्र. 1945 च्या त्यांच्या ‘रिटर्न टू लाइफ थ्रू कंट्रोलॉजी’ या पुस्तकात चौतीस व्यायाम आहेत आणि ते सगळे जमिनीवर, एका चटईवर करायचे आहेत. माझ्या तरुण सहकाऱ्याने हे लक्षात घ्यावं. ज्याला आपण लाखांच्या यंत्राचा व्यायाम समजतो, त्याच्या जनकाने लोकांच्या हाती दिली ती चटई.

याच काळात आपल्याकडे काय चाललं होतं? 1924 मध्ये स्वामी कुवलयानंदांनी लोणावळ्याला कैवल्यधाम स्थापन केलं आणि आसनं, प्राणायाम करताना शरीरात काय घडतं ते उपकरणांनी मोजायला घेतलं. औंधचे भवानराव पंतप्रतिनिधी सूर्यनमस्कार घरोघरी पोचावेत म्हणून झटत होते. एकाच पिढीतली ही माणसं. त्यामुळे ‘आमचा योग की त्यांचं पिलाटेस’ हा वाद मला कधी कळला नाही. कंबरदुखीसाठी योगाच्याही चाचण्या झाल्या आहेत आणि त्यात फायदा दिसला आहे. ज्या रुग्णाला सूर्यनमस्काराची ओढ आहे, त्याला मी त्याच वाटेने नेते. मला पिलाटेस आवडतं ते त्याच्या बारीक पायऱ्यांसाठी. घाबरलेल्या माणसाला थेट पश्चिमोत्तानासनात बसवता येत नाही. परात न सांडता ओटीपोट इंचभर हलवायला मात्र सांगता येतं.

आता पुराव्याकडे येते. इथे आपण स्वतःशी कठोर राहिलं पाहिजे. 2015 मध्ये वैद्यकीय चाचण्यांचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन संस्थेने पिलाटेस आणि कंबरदुखी या विषयावरच्या दहा चाचण्यांचा, एकूण 510 रुग्णांचा आढावा घेतला. नाममात्र उपचारांच्या तुलनेत पिलाटेसने दुखणं आणि अपंगत्व दोन्ही कमी होतं, असं त्यात दिसलं. पुराव्याचा दर्जा कमी ते मध्यम होता. पण दुसऱ्या व्यायामांपेक्षा पिलाटेस सरस आहे, असं ठामपणे म्हणता आलं नाही. 2021 मध्ये जुनाट कंबरदुखीच्या सर्व व्यायामांवरच्या 249 चाचण्या एकत्र तपासल्या गेल्या. व्यायाम बहुधा उपयोगी पडतो, असं त्यातून दिसलं. त्याच माहितीवरून व्यायामप्रकारांची आपसांत तुलना झाली तेव्हा पिलाटेस आणि मॅकेन्झी पद्धतीचे व्यायाम हे थोडे पुढे निघाले. तो ‘थोडे’ शब्द कृपया गाळू नका. आपल्या व्यवसायातल्या जाहिराती तो गाळतात आणि मग तीन महिन्यांनी निराश झालेला रुग्ण आपल्याच दारात येऊन उभा राहतो.

ब्राझीलमधली 2018 सालची एक चाचणी मला रोजच्या कामात फार उपयोगी वाटते. 296 रुग्णांचे चार गट केले. सगळ्यांना माहितीपुस्तिका दिली. तीन गटांना सहा आठवडे पिलाटेसही दिलं, कुणाला आठवड्यातून एकदा, कुणाला दोनदा, कुणाला तीनदा. नुसत्या सल्ल्यापेक्षा, सल्ल्यासोबत आठवड्यातून दोनदा पिलाटेस केलेल्यांचं दुखणं अधिक कमी झालं. म्हणजे व्यायामाचीही मात्रा असते. गोळी आपण ‘दिवसातून दोनदा, जेवणानंतर’ असं लिहून देतो, व्यायाम मात्र ‘जमेल तसा करा’ म्हणून सोडतो. ही सवय मोडायला हवी.

पण हे काम कसं करतं? 1996 मध्ये ऑस्ट्रेलियात हॉजेस आणि रिचर्डसन यांनी दाखवलं की निरोगी माणूस हात उचलतो त्याआधीच त्याच्या पोटाचा सर्वात आतला, आडवा स्नायू कामाला लागतो आणि कंबरदुखीच्या रुग्णांत तो उशिरा जागा होतो. शोध मोलाचा होता. आम्ही त्याचं सूत्र करून टाकलं: पोट आत ओढा, सतत ओढून धरा, पाठीचा कणा ‘न्यूट्रल’ ठेवा. हजारो रुग्ण आवळलेल्या पोटाने चालू लागले. पुढच्या अभ्यासांत मात्र दुखणं कमी होणं आणि त्या स्नायूची वेळ सुधारणं यांची सांगड नीट बसेना. वेळ तशीच राहूनही माणसं बरी होत होती. माझं स्वतःचं मत असं की पिलाटेसचा गुण एका स्नायूत नाही. लक्षपूर्वक, श्वासाच्या लयीत, कुणाच्या तरी हाताखाली केलेली हालचाल माणसाला त्याचं शरीर परत ओळखीचं करून देते. ज्या हालचालीची त्याने धास्ती घेतलेली असते ती तो करून पाहतो आणि काही मोडत नाही. हे शंभरदा घडलं की धास्ती ओसरते.

आणि ही धास्ती पुष्कळदा आम्हीच घातलेली असते. हे सांगताना मला त्रास होतो, पण या व्यासपीठावरून नाही सांगितलं तर कुठे सांगणार? व्यवसायाच्या सुरुवातीच्या वर्षांत माझ्याकडे एक शेतकरी आले होते. चाळिशीतला गडी, कंबर धरलेली. मी ट्रॅक्शन, म्हणजे कमरेला ताण, दिलं, पट्टा दिला आणि पुस्तकात होतं तसं बजावलं: वाकू नका, वजन उचलू नका, खाली बसू नका. दोन वर्षांनी ते पुन्हा आले. बैलजोडी विकली होती, जमीन वाट्याने दिली होती, दिवसभर ओसरीवर पट्टा बांधून बसत होते. त्यांच्या कमरेत असं काहीही नव्हतं ज्यासाठी एवढं सोडावं. माझं वाक्य त्यांनी प्रामाणिकपणे पाळलं होतं, इतकंच. ती दोन वर्षं माझ्या हिशेबी आहेत.

म्हणून शब्दांविषयी माझी कळकळीची विनंती आहे. ‘मणक्यात गॅप’, ‘गादी सरकली’, ‘नस दबली’, ‘मणका झिजला’ हे शब्द आपण रोज सहज बोलून जातो. 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात, ज्यांची कंबर मुळीच दुखत नाही अशा तीन हजारांवर माणसांची स्कॅन एकत्र पाहिली गेली. विशीतल्या 37 टक्के, पन्नाशीतल्या 80 टक्के आणि ऐंशीच्या घरातल्या 96 टक्के लोकांत मणक्यांमधल्या चकतीची झीज दिसली. केस पिकतात तशी ही झीज. रुग्णाला हे सांगायला दोन मिनिटं लागतात आणि माझ्या मते तो उपचाराचा पहिला व्यायाम आहे. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर 2023 मध्ये जुनाट कंबरदुखीसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात व्यायाम आणि रुग्णशिक्षण यांचा पुरस्कार आहे, तर कमरेचे पट्टे आणि ट्रॅक्शन नेहमीच्या उपचारात देऊ नयेत, असं म्हटलं आहे. आपल्या किती दवाखान्यांत ट्रॅक्शनचं टेबल आजही पहिल्या खोलीत आहे, ते आपल्याला ठाऊक आहे.

सावधगिरीचंही बोलते. ताप, वजन घटणं, रात्री झोपमोड करणारं दुखणं, पायातली ताकद जाणं, लघवीवरचा ताबा सुटणं किंवा मांड्यांमधला भाग बधिर होणं, यांपैकी काही असेल तर चटई गुंडाळून ठेवा आणि रुग्णाला ताबडतोब डॉक्टरांकडे पाठवा. दुसरं, पिलाटेसच्या मूळ व्यायामांत पाठ पुढे गुंडाळून उठण्याचे प्रकार पुष्कळ आहेत. हाडं ठिसूळ झालेल्या बायकांना ते देऊ नका. 1984 मध्ये मेयो क्लिनिकच्या एका अभ्यासात, पाळी गेलेल्या आणि हाडं ठिसूळ असलेल्या स्त्रियांपैकी पुढे वाकण्याचे व्यायाम केलेल्या 89 टक्के जणींच्या मणक्यांत नवी मोड दिसली. पाठ मागे ताणण्याचे व्यायाम केलेल्यांत हेच प्रमाण 16 टक्के होतं. अभ्यास छोटा होता, पण मी तो विसरू शकलेले नाही. साठीच्या आजींना समोर पाहून इन्स्टाग्रामवरचा व्यायाम जसाच्या तसा करवून घेणाऱ्या प्रशिक्षकाला हे माहीत असतं का? 2000 साली अमेरिकेतल्या न्यायालयाने ‘पिलाटेस’ हे नाव कुणा एकाच्या मालकीचं नाही, असा निकाल दिला. त्यामुळे पद्धत खुली झाली, ते चांगलंच झालं. पण दोन दिवसांच्या शिबिरानंतर कुणीही पाटी लावू शकतो. रुग्ण तपासणं हे आपलं काम आहे. ते आपण सोडलं तर दुसऱ्याला बोल लावता येणार नाही.

2020 मध्ये जगात 61 कोटी 90 लाख लोकांना कंबरदुखी होती आणि 2050 पर्यंत हा आकडा 84 कोटींवर जाईल, असा अंदाज आहे. एवढ्यांना रिफॉर्मर पुरणार नाहीत. मी आपल्या संघटनेपुढे एक साधा प्रस्ताव ठेवते. आपापल्या गावच्या सरकारी किंवा पालिकेच्या दवाखान्यात आठवड्यातून दोन दिवस, पाऊण तास, दहा जणांचा चटईवर्ग. सुरुवातीला प्रत्येकाची स्वतंत्र तपासणी. ऊसतोडीहून परतलेल्या बायका, एसटीचे चालक, शिवणयंत्रावर बसणाऱ्या मुली, यांच्या कामाच्या हालचाली पाहून व्यायाम निवडायचे. खर्च दहा चटयांचा. पहिल्या वर्षाच्या नोंदी ठेवायच्या आणि पुढच्या परिषदेत त्या वाचायच्या, वर्ग नीट जमले नसतील तरी.

दुपारच्या सत्रासाठी मागच्या दालनात चटया अंथरल्या आहेत. प्रात्यक्षिक मी देणार नाही. पोळी-भाजी केंद्रातल्या त्या बाई आज सुट्टी घेऊन आल्या आहेत, शेवटच्या रांगेत बसल्या आहेत. श्वास कसा सोडायचा ते त्या फुंकणी घेऊन दाखवणार आहेत.