डायलिसिसची संख्या आणि रुग्णाचे जगणे
(वार्षिक सभेतील प्रशासकीय निवेदन)



दरवर्षी या सभेत आम्ही आपणांपुढे डायलिसिसची संख्या ठेवतो. देणगीचा विनियोग कळण्यास ती आवश्यकच आहे. आठवड्यातून तीनदा डायलिसिस घेणाऱ्या रुग्णाला वर्षाकाठी १५६ वेळा, प्रत्येक वेळी सुमारे ४ तास, यंत्राशेजारी पडून राहावे लागते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आणि २०१६ मध्ये सुरू झालेला राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम यांमुळे गरीब रुग्णांचा उपचारखर्चाचा भार हलका झाला. परंतु शहापूर-मुरबाडच्या पाड्यांवरून येणाऱ्यांचे गाडीभाडे, बुडालेली मजुरी आणि सोबतच्या आप्ताचा गेलेला दिवस कोणत्याही खातेवहीत येत नाही.

मूत्रपिंडाच्या रुग्णाचे जगणे कसे आहे हे जाणण्यासाठी केडीक्यूओएल-३६ ही प्रश्नावली अनेक देशांत वापरली जाते. तिच्या ३६ प्रश्नांपैकी १२ शारीरिक व मानसिक स्वास्थ्याविषयी, ४ आजाराच्या ओझ्याविषयी, १२ त्रासाच्या लक्षणांविषयी आणि ८ दैनंदिन जीवनावरील परिणामांविषयी आहेत. रक्ताचा अहवाल समाधानकारक असूनही रुग्ण खाज, पायांतील गोळे आणि थकवा यांनी बेजार असू शकतो. यांवर उपाय करता येतात. पण विचारल्यावाचून ते त्रास कळत नाहीत.

मूळ अमेरिकी प्रश्नावलीत मध्यम श्रमांची उदाहरणे म्हणून टेबल सरकवणे आणि गोल्फ खेळणे दिले आहे. आपल्याकडे विचारावयास हवे ते हे, की विहिरीवरून हंडा आणवतो का, भाताच्या आवणीत वाकून राहवते का. असा बदल अर्थात तज्ज्ञांकडून तपासूनच करावा लागतो, अन्यथा गुणांची तुलना फोल ठरते. निरक्षर रुग्णांना प्रश्न वाचून दाखवावे लागतात. त्या वेळी घरचे माणूस जवळ नसावे. कारण आपण कुटुंबाला भार झालो असे वाटते का, हाही त्यातील एक प्रश्न आहे. मुलासमोर त्याचे खरे उत्तर कोणती आई देईल?

ही उत्तरे मिळाल्यावर परतीची एसटी चुकणार नाही अशी डायलिसिसची पाळी लावणे आमच्या हाती आहे. प्रवासभाड्याचा निधी मात्र आपल्या औदार्यावर अवलंबून आहे. यापुढील अहवालात डायलिसिसच्या संख्येशेजारी ही उत्तरेही, अनुकूल असोत वा प्रतिकूल, जशीच्या तशी मांडावीत, अशी आमची विश्वस्त मंडळास नम्र विनंती आहे.