पडद्यावरचे मास्तर

(स्नेहमेळाव्यात केलेले भाषण, थोडी दुरुस्ती करून)



संयोजकांनी मला पंधरा मिनिटं दिली आहेत आणि विषय दिलाय ‘माझे आवडते चित्रपट’. आपल्यातले जे डॉक्टर झाले, इंजिनिअर झाले, त्यांना त्यांच्या वाटचालीबद्दल बोलायला सांगितलंय. मला सिनेमा दिला. माझी तक्रार नाही. तीस वर्षं एसटीत वाहक आहे. मुक्कामी गाडी तालुक्याच्या गावी रात्री आठला लागायची, सकाळी सहाला सुटायची. मधल्या वेळात माणूस काय करणार? जेवायचं आणि शेवटचा खेळ गाठायचा. त्यामुळे माझं सिनेमाचं शिक्षण सरकारी खर्चानेच झालंय असं म्हणायला हरकत नाही.

आवडता चित्रपट म्हटलं की तुम्ही सगळे एकदम ‘अशी ही बनवाबनवी’ म्हणणार, हे मला माहीत आहे. मीही म्हणतो. 1988 चा चित्रपट, आणि आज आपल्या नातवंडांनासुद्धा धनंजय माने कुठे राहतात हा प्रश्न तोंडपाठ आहे. पण एक गोष्ट सांगतो, जी फारसं कुणी बोलत नाही. त्याची पटकथा आणि संवाद वसंत सबनीसांचे. ‘विच्छा माझी पुरी करा’ हे वगनाट्य लिहिणारे तेच, आणि दादा कोंडक्यांचा 1971 चा ‘सोंगाड्या’ लिहिणारेही तेच. म्हणजे तमाशातली हजरजबाबी बोली पुण्यातल्या भाड्याच्या खोलीत आणली ती या माणसाने. मूळ कथा हृषिकेश मुखर्जींच्या ‘बीवी और मकान’ची, ती काही लपलेली गोष्ट नाही. पण तो हिंदी चित्रपट आज किती जणांना आठवतो? बनवाबनवी आठवते ती त्या बोलण्यामुळे. खोली मिळत नाही म्हणून दोन पुरुष साडी नेसतात, या गोष्टीत नुसती गंमत नाही. परगावी भाड्याची खोली शोधत ज्याने चपला झिजवल्या, त्यालाच अशोक सराफांच्या चेहऱ्यावरचा घाम कळतो.

पण बनवाबनवीवर सगळेच बोलतात. आज समोर आपले गुरुजन बसलेत, म्हणून मी वेगळा विषय धरलाय. आपल्याला आवडलेल्या चित्रपटांत मास्तर कसे दिसले?

आपल्याला शाळेने दाखवलेला पहिला चित्रपट ‘श्यामची आई’. रांगेने नेलं होतं, आठवतंय? आचार्य अत्र्यांचा 1953 चा चित्रपट, राष्ट्रपतींचं सुवर्णपदक मिळवलेला. मुली रडल्या, आणि मुलं डोळ्यात काहीतरी गेलंय असं म्हणाली. तो चांगला चित्रपट आहे, वनमालाबाईंचं काम तर फारच. पण त्यातून आपल्या मनात एक बसलं, की शिकवणारं माणूस म्हणजे देवमाणूस. चुकणारं नाही, दमणारं नाही, त्याच्या घरी पगाराची वाट बघणारं कुणी नाही. साने गुरुजींचा फोटो भिंतीवर आणि त्याच्या खाली आपले सर. बिचाऱ्या सरांना त्या फोटोइतकं उंच व्हायचं.

मग सातवीत असताना जत्रेतल्या तंबूत आपण ‘पिंजरा’ पाहिला. मधे कापड बांधून बायका एकीकडे, पुरुष एकीकडे, खाली सतरंजी नाही, नुसती माती. तिकीट न काढता कनातीखालून आत आलेले दोन महाभाग आज पुढच्या रांगेत बसलेत, नावं घेत नाही. व्ही. शांताराम यांचा 1972 चा चित्रपट. राम कदमांचं संगीत, जगदीश खेबुडकरांची गाणी. तेव्हा आपल्याला गाण्यांपुरतंच प्रेम होतं. गाणं संपलं की शेंगदाण्याच्या पुड्या सुटायच्या.

तो पुढे मी किती वेळा पाहिला याचा हिशेब नाही. गावाला वळण लावणारे गुरुजी, तमाशा गावात येऊ नये म्हणून उभे राहणारे, त्याच तमाशातल्या बाईच्या मागे जातात. खडू धरणारा हात तुणतुणं धरतो. इथपर्यंत गोष्ट सरळ आहे, माणूस घसरला. मला हलवतं ते पुढचं. गावात एक प्रेत सापडतं, अंगावर गुरुजींचे कपडे. गावाला वाटतं गुरुजींचा खून झाला. गाव त्यांचा पुतळा उभारतं. आणि इकडे जिवंत गुरुजी फडाबरोबर भांडी उचलत फिरतायत. शेवटी त्यांच्यावर खटला होतो तो गुरुजींच्याच खुनाचा! आणि ते कबूल करतात, कारण मीच तो म्हटलं तर पुतळा पडेल.

आता माझं मत ऐका. पटलं नाही तर जेवताना भांडू. लोक म्हणतात ‘पिंजरा’ हा बाईच्या मोहाचा चित्रपट आहे. मला वाटतं तो गावाचा चित्रपट आहे. गावाला जिवंत मास्तर नको होता, पुतळा हवा होता. पुतळ्याला पगार लागत नाही. त्याला संध्याकाळ एकट्याने काढावी लागत नाही. त्या गुरुजींच्या खोलीत चित्रपटभर कुणी विचारायला येत नाही, की गुरुजी, जेवलात का?

डॉ. श्रीराम लागू. कान-नाक-घशाचे सर्जन, व्यवसाय सोडून नाटकात आले, ‘नटसम्राट’ 1970 ला केलं आणि ‘पिंजरा’ त्यानंतर दोन वर्षांनी. त्यांचा सुरुवातीचा ताठ कणा बघा आणि शेवटचं चालणं बघा. मेकअपने होत नाही ते.

तीनच वर्षांनी तेच डॉ. लागू पुन्हा मास्तर झाले. चित्रपट ‘सामना’, लेखन विजय तेंडुलकरांचं, दिग्दर्शन जब्बार पटेलांचं, 1975 साली बर्लिनच्या महोत्सवात गेलेला. हा मी शनिवारी संध्याकाळी दूरदर्शनवर पाहिला, शेजाऱ्यांच्या घरी, दारात उभा राहून. यातला मास्तर वर्गात कधीच दिसत नाही, तरी सगळे त्याला मास्तरच म्हणतात. दारूडा आहे, कपडे मळलेले, स्वातंत्र्याच्या चळवळीतून आलेला आणि नंतर रस्त्यावर पडलेला. साखर कारखानदार हिंदुराव धोंडे पाटील त्याला घरी आणतो, खाऊपिऊ घालतो. निळू फुले. (निळूभाऊ ‘पिंजरा’तही आहेत.) आणि हा दारूडा एकच प्रश्न धरून बसतो, की मारुती कांबळे नावाच्या माणसाचं काय झालं.

‘पिंजरा’तल्या गुरुजींनी पुतळा सांभाळायला खोटं कबूल केलं. ‘सामना’तल्या मास्तराला सांभाळायला काहीच उरलं नव्हतं, म्हणून तो खरं विचारू शकला. हे मला दोन्ही चित्रपट एका आठवड्यात पुन्हा पाहिल्यावर सुचलं, सांगलीच्या मुक्कामात. ड्रायव्हरला रात्री उठवून सांगितलं. तो म्हणाला, झोपा आता, पहाटे गाडी काढायचीय.

विनोदी चित्रपटांत मास्तर फार नाहीत. ‘निशाणी डावा अंगठा’ आहे, 2009 चा, रमेश इंगळे उत्रादकरांच्या कादंबरीवरून. प्रौढ साक्षरतेचे वर्ग कागदावर कसे चालतात ते त्यात आहे. तो आपल्या सरांना मी मुद्दाम दाखवला होता. जनगणना, निवडणूक, आणखी कसली कसली मोजणी, सगळी केलेला माणूस. पहिला अर्धा तास खो खो हसले. नंतर हसायचे थांबले आणि म्हणाले, हे पुरुषोत्तम बेर्डेंनी आमच्या स्टाफरूममधे बसून काढलंय का रे?

आता ‘सैराट’. 2016. आपल्यातल्या बऱ्याच जणांनी तो मुलांबरोबर पाहिला आणि शेवटच्या दृश्यानंतर घरी जाईपर्यंत कुणी बोललं नाही. अजय-अतुलच्या गाण्यांवर थिएटरात लोक नाचले, आमच्या आगाराच्या गावी मी स्वतः पाहिलं. पण माझ्यासाठी चित्रपट फिरतो तो कॉलेजच्या वर्गात. लोखंडे सर शिकवतायत. पाटलांचा मुलगा प्रिन्स वर्गात येतो, सर हटकतात, आणि तो सरळ सरांच्या कानाखाली वाजवतो. पोरं बघत राहतात. त्यानंतर पुढचं जे काही होतं, ते त्याच वेळी कळायला हवं होतं. ज्या गावात भर वर्गात मास्तराला मारता येतं, तिथे आर्ची-परश्याचं काय होणार? नागराज मंजुळे हे भाषण देऊन सांगत नाहीत. एक थप्पड, आणि पुढचा सीन. त्यांच्याच ‘फँड्री’त शाळेजवळ डुक्कर धरताना राष्ट्रगीत लागतं, सगळे जागच्या जागी थांबतात आणि डुक्कर मात्र चालत राहतं. थिएटरात लोक हसले. मीही हसलो असेन. पण मेलेलं डुक्कर खांद्यावर घेऊन ते कुटुंब शाळेच्या रंगवलेल्या भिंतीवरून जातं, आंबेडकर, सावित्रीबाई, गाडगेबाबांच्या चित्रांवरून, तेव्हा हसू आलं नाही कुणाला.

आता शेवटचा, आणि हा तुमच्यापैकी फार थोड्यांनी पाहिला असणार. ‘दहावी फ’. 2002, सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर. गाणी गाजली नाहीत, पोस्टर कुठे दिसलं नाही. मला तो एका मुक्कामात हॉटेलातल्या टीव्हीवर अर्धा सापडला, मग सीडी मिळवून पूर्ण पाहिला. शाळेत तुकड्या पाडलेल्या. हुशार आणि बऱ्या घरची मुलं ‘अ’ तुकडीत, उरलेली शेवटी ‘फ’मधे. फ तुकडीतली मुलं अपमान सहन होऊन होऊन एक दिवस शाळेतच मोडतोड करतात. आणि त्यांचे सर, अतुल कुलकर्णी, मुलांना सोडत नाहीत. त्यांना काढून टाका म्हणणारे सगळे आहेत. सर म्हणतात, नुकसान हीच मुलं भरून काढतील. आणि ते त्यांच्याबरोबर उभे राहतात.

हा सर पुतळा नाही. चिडतो. थकतो. त्याला रोज पोरांचा राग येतो. माझ्या मते मराठी पडद्यावरचा हा पहिला मास्तर, जो मला ओळखीचा वाटला.

ओळखीचा का, ते सांगायलाच हवं. मी ‘ड’ तुकडीतला. आपल्याकडे चारच होत्या, म्हणून ‘फ’ नव्हती, एवढंच. ‘अ’चा वर्ग तळमजल्यावर, ऑफिसशेजारी, पंखा असलेला. ‘ड’चा मागच्या पत्र्याच्या शेडमधे, पावसात शिकवलेलं ऐकू यायचं नाही. शेडमधल्या आम्हाला गणित शिकवायला एक सर शाळा सुटल्यावर थांबायचे. पैसे घेत नव्हते. मी एसटीच्या परीक्षेला बसलो तेव्हा अर्ज त्यांनी भरून दिला. ते इथे बसलेत, नाव घेत नाही, घेतलं तर उठून जातील. रागीट होते. दोनदा मला वर्गाबाहेर काढलंय. पण बाहेर उभं करून वीस मिनिटांनी स्वतःच येऊन विचारायचे, डबा आणलायस का.

मेळाव्याच्या यादीत ‘अ’ची नावं जवळपास पूर्ण आहेत. फोन नंबर, ईमेल, सगळं. ‘ड’च्या यादीत निम्म्या नावांपुढे रेघ आहे. संयोजकांनी कष्ट घेतलेत, मला माहीत आहे. पण आमची मुलं गावं सोडून गेली, कुणी साखर कारखान्यात हंगामी, कुणी मुंबईला सिक्युरिटीत, दोघे तर आता नाहीत. माझी गाडी रोज सहा तालुक्यांतून जाते. त्या रेघांतल्या चार जणांना मी गाडीतच शोधून काढलंय. एकाने तिकिटाचे सुटे देताना ओळखलं.

तर विनंती अशी. दिवाळीच्या सुट्टीत शाळेच्या सभागृहात ‘दहावी फ’ दाखवायचं ठरलंय. मुख्याध्यापकांनी पडदा आणि प्रोजेक्टर द्यायचं कबूल केलंय, सीडी माझ्याकडे आहे. ‘अ’, ‘ब’, ‘क’, ‘ड’, सगळ्यांनी यायचं. ज्याच्याकडे ‘ड’च्या कुणाचा पत्ता असेल त्याने जेवणाच्या वेळी माझ्याकडे लिहून द्यावा. वही आणलीय. पेनही आहे, कंडक्टरकडे असतंच.

आणि सर, तुम्हाला पुढची खुर्ची ठेवतोय. नाही म्हणू नका.