मांजराच्या पिसवा

घरांतील मांजराला पिसवा झाल्या आहेत, ही गोष्ट बहुधा मांजराकडे पाहून कळत नाहीं. ती घरांतील मंडळींच्या घोट्यांकडे पाहून कळते. सायंकाळीं कोणी पाय खाजवीत बसतो, रात्रीं मुलें अंथरुणांत चुळबुळ करूं लागतात, आणि सकाळीं पोटऱ्यांवर तांबडे ठिपके दोन-दोन तीन-तीनच्या ओळींनीं उमटलेले दिसतात. प्रथम आळ डासांवर येतो, मग ढेंकणांवर, आणि खरा प्रकार ध्यानांत आला म्हणजे बहुतेक घरांत वडील माणसाच्या मुखांतून एकच निकाल बाहेर पडतो : “मांजर आधीं घराबाहेर काढा!” मग तें बिचारें जनावर पोत्यांत अगर टोपलींत घालून मंडईपाशीं किंवा एखाद्या मासळीबाजाराजवळ सोडून देण्यांत येतें. तेथें त्याचें पोट चांगलें भरेल, असें सांगून मुलांचें समाधानही करण्यांत येतें.

हा निकाल निर्दयपणाचा आहे हें तर उघडच आहे. परंतु निर्दयपणा क्षणभर बाजूला ठेवला, तरी तो निव्वळ निरुपयोगी आहे, ही गोष्ट फारच थोड्यांच्या लक्षांत येते. पिसवांची खरी वस्ती मांजराच्या अंगावर नसून घरांत असते. जेथें त्यांचा सुळसुळाट झाला आहे तेथील एकंदर प्रजेचा हिशेब मांडला, तर उड्या मारणाऱ्या वाढलेल्या पिसवा शंभरांत पांचच्या आसपास भरतात. बाकीची सारी प्रजा अंडीं, अळ्या आणि कोश या रूपांनीं जाजमाखालीं, फरशीच्या सांध्यांत, पलंगाखालच्या धुळींत आणि कोचाच्या बेचक्यांत दडलेली असते. मांजर घालवून दिलें म्हणजे त्या पांच पिसवा त्याच्याबरोबर जातात. पंचाण्णव मागें राहतात. त्यांतून एकेक पिसू तयार होऊन बाहेर पडते, तिला नेहमींचें अन्नछत्र बंद झालेलें दिसतें, आणि ती घरधन्याच्या पोटरीकडे वळते. मांजर गेल्यानंतर चावे कमी होण्याऐवजीं पुष्कळदां वाढतात तें यामुळेंच.

ही पिसू म्हणजे दोन-तीन मिलिमीटर लांबीचा, गर्द तपकिरी रंगाचा, बिनपंखी कीटक. शास्त्रज्ञ तिला ‘टेनोसेफॅलिडीस फेलिस’ म्हणतात. नांवांत मांजर आहे खरें. परंतु कुत्र्यांच्या अंगावरही बहुधा हीच आढळते. तिचें शरीर दोन्ही बाजूंनीं इतकें चपटें असतें कीं, केसांच्या दाट रानांतून ती सहज सरकत जाते, आणि अंगावरचे राठ कांटे मागें वळलेले असल्यामुळें तिला ओढून काढूं म्हटलें तर ती केसांत अडकून बसते. इ. स. १६६५ मध्यें इंग्लंडांत रॉबर्ट हूक यानें ‘मायक्रोग्राफिया’ या ग्रंथांत सूक्ष्मदर्शकांतून दिसणाऱ्या पिसूचें घड्या उलगडून पाहावें लागणारें भलें मोठें चित्र छापलें, तेव्हां चिलखत घातलेला हा योद्धा पाहून लोक थक्क झाले. तिच्या उडीचें मर्म मात्र विसाव्या शतकांत उलगडलें. तिच्या शरीरांत मागच्या पायांच्या मुळाशीं रबरासारख्या एका लवचिक पदार्थाची गादी असते. ती दाबून धरावयाची आणि एकदम सोडावयाची. दाबलेली कमान सुटावी तशी पिसू वीतभर अंतर एका झेपेंत तोडते.

मांजराच्या अंगावर चढल्यावर कांहीं मिनिटांतच ती रक्त पिऊं लागते. पहिल्या भोजनानंतर एक-दीड दिवसांत मादी अंडीं घालावयास लागते, आणि ऐन भरांत एका दिवसांत चाळीस-पन्नास अंडीं घालते. अंडीं खसखशीच्या दाण्याहूनही बारीक, पांढरीं आणि गुळगुळीत असतात. तीं केसांना चिकटून राहत नाहींत. मांजर जेथें निजतें, जेथें अंग झाडतें, ज्या खिडकींतून खालीं उडी मारतें, तेथें तेथें तीं झडतात. त्यांतून निघणाऱ्या अळीला पाय नसतात आणि उजेड सोसत नाहीं. म्हणून ती फटींत शिरते. तिचें मुख्य अन्न म्हणजे मोठ्या पिसवांची विष्ठा, म्हणजेच बहुतांशीं न पचलेलें वाळकें रक्त. अंडीं आणि ही शिदोरी एकाच अंगावरून एकाच जागीं गळत असल्यामुळें मादीनें पोरांची तरतूद फार हुशारीनें केली आहे असेंच म्हणावें लागतें ! पुढें ही अळी अंगाभोंवतीं चिकट रेशमाचा कोश विणते. त्या कोशाला धूळ आणि केरकचरा चिकटल्यामुळें तो केरांत केर होऊन जातो, आणि नुसत्या झाडूला दाद देत नाहीं.

सारी लबाडी या कोशांत आहे. हवा उबदार आणि दमट असेल तर अंड्यापासून पिसू होण्यास सुमारें तीन आठवडे पुरतात. परंतु आंत पूर्ण वाढ झालेली पिसूदेखील लगेच बाहेर पडेलच असें नाहीं. आसपास कोणी नसेल तर ती कोशांत आठवडेच्या आठवडे, प्रसंगीं कांहीं महिने, स्वस्थ बसून राहते. आणि पावलांचा हादरा, अंगाची ऊब किंवा श्वासांतील कर्बवायु जाणवला कीं क्षणांत बाहेर येते. गणपतीसाठीं एखादें पुण्या-मुंबईचें कुटुंब बिऱ्हाडाला कुलूप लावून मांजर शेजाऱ्यांच्या हवालीं करून कोंकणांत जातें, आणि पंधरा दिवसांनीं परत येऊन दार उघडतें, तों पायांवर पिसवांचा वर्षाव होतो. शेजाऱ्यांनीं मागें कांहीं घाण केली असावी असा संशय येतो. पण त्या बिचाऱ्यांचा कांहीं अपराध नसतो. ते पंधरा दिवस कोश वाटच पाहत असतात. शिवाय हे दिवस भाद्रपदांतले, हवेंत ओल भरलेली. कोरड्या हवेंत अंडीं आणि अळ्या फार काळ तग धरीत नाहींत. म्हणून आपल्याकडे हा उपद्रव पावसाळ्यांत आणि त्याच्या मागोमाग विशेष जाणवतो.

पिसू म्हटलें कीं जुन्या घराण्यांना प्लेगाची आठवण होते. १८९६ सालीं मुंबईंत प्लेग उद्भवला तेव्हां तो पसरतो कसा याचा कोणालाच उलगडा होत नव्हता. १८९८ सालीं पॉल-लुई सिमों या फ्रेंच डॉक्टरानें कराची येथें उंदरांवर प्रयोग करून हा रोग पिसवांच्या द्वारें पसरतो असें दाखविलें. परंतु त्याचें म्हणणें कित्येक वर्षें कोणी मनावर घेतलें नाहीं. पुढें १९०५ पासून मुंबईस चाललेल्या संशोधनानें तें खरें ठरविलें. मात्र ती पिसू उंदराची, निराळ्या जातीची. मांजराच्या पिसूच्या हातून प्लेग पसरविण्याचें काम फारसें होत नाहीं. उंदीर मेले म्हणजे त्यांच्या पिसवा भुकेनें माणसाकडे वळत, हा त्या वेळचा धडा मात्र मांजर हांकलून देणाऱ्यांनीं ध्यानांत धरण्यासारखा आहे. गंमत अशी कीं, इंडियन मेडिकल सर्व्हिसमधील बुकॅनन नांवाच्या डॉक्टरानें १९०८ सालीं प्लेगावर उपाय म्हणून मांजरें बाळगण्याचाच पुरस्कार केला होता.

तरी मांजराच्या पिसवा निरुपद्रवी आहेत असें मुळींच नाहीं. मोठें मांजर खाजवून आणि चाटून दिवस काढतें; कांहींना पिसूच्या लाळेचें वावडें असतें, त्यांच्या मानेवर व शेंपटीच्या मुळाशीं बारीक खपल्या धरतात आणि केस झडतात. खरा घात होतो तो पिलांचा. एक मादी दिवसाकाठीं आपल्या वजनाच्या कित्येक पट रक्त ओढते; मुठीएवढ्या पिलाच्या अंगावर अशा शेंदीडशें पिसवा असल्या तर त्याचें रक्त अक्षरशः आटत जातें. पिलूं मलूल होतें, दूध सोडतें, आणि त्याच्या हिरड्या गुलाबी असावयाच्या त्या पांढुरक्या पडतात. अशी हिरडी दिसली तर घरगुती उपायांत एक दिवसही न दवडतां त्यास जनावरांच्या डॉक्टरांकडे न्यावें. याखेरीज पिसूच्या पोटांतून पट्टकृमि मांजराच्या पोटांत जातो, तो असा : कृमीचीं अंडीं पिसूची अळी खाते, ती अळी पिसू होते, आणि अंग चाटतांना मांजर ती पिसू गिळतें. मांजराच्या शेंपटीखालीं किंवा निजण्याच्या जागीं तांदळाच्या दाण्यासारखे तुकडे दिसले तर हा कृमि झाला असें समजावें. मांजराच्या ओरखड्यानें माणसाला येणारा एक ताप आहे, त्याचे जंतूही पिसवांच्या विष्ठेंतूनच मांजराच्या नखांत येतात.

पिसू दिसली नाहीं म्हणून ती नाहीं असें मानूं नये. मांजर स्वच्छतेचें भोक्तें असल्यामुळें पुष्कळशा स्वतःच गिळून टाकतें. परीक्षेची रीत सोपी आहे. उवा काढण्याची बारीक दातांची फणी मांजराच्या पाठीवरून, विशेषतः शेंपटीच्या मुळाशीं, फिरवावी आणि निघालेला काळा कण ओल्या पांढऱ्या कागदावर ठेवावा. साधी धूळ असेल तर ती तशीच राहते. कणाभोंवतीं तांबूस-तपकिरी डाग पसरला तर तें वाळलें रक्त, आणि पिसवांचा पुरावा. फणींत सांपडलेली पिसू नखानें चिरडण्याच्या फंदांत न पडतां साबणाच्या पाण्याच्या वाटींत बुडवावी. अगदीं कोंवळ्या पिलांना डॉक्टरांच्या सल्ल्यावांचून औषध लावावयाचें नसतें. तेथें ही फणी हाच मुख्य आधार.

औषधाच्या बाबतींत मात्र फार जपावें लागतें. मांजराचें यकृत कुत्र्याच्या किंवा माणसाच्या यकृतासारखें नाहीं. कित्येक द्रव्यें त्याला पचवून बाहेर टाकतां येत नाहींत, आणि अंगाला जें जें लावावें तें तें मांजर चाटून पोटांत घेतें. कुत्र्यांच्या पिसवांसाठीं मिळणाऱ्या कांहीं थेंबांत पर्मेथ्रिन नांवाचें द्रव्य असतें. कुत्र्याला तें मानवतें. मांजराला त्याच थेंबांनीं थरथर सुटते, झटके येतात, आणि वेळेवर उपचार न झाले तर तें दगावतें. घरांत कुत्राही आहे, त्याची कुपी अर्धी उरली आहे, ती मांजराला लावून टाकूं, या काटकसरीपायीं अनेक मांजरें जिवाला मुकलीं आहेत. फिनेल, रॉकेल, कापूर, डांबराच्या गोळ्या, तंबाखूचें पाणी, तीव्र सुगंधी तेलें, हे सर्व उपाय शेजारपाजारचीं माणसें मोठ्या आत्मविश्वासानें सुचवितात. ते सर्व मांजराला विषारी आहेत. लसूण खाऊं घातल्यानें पिसवा पळतात हाही असाच एक समज. लसणानें पिसवा जात नाहींत, मांजराच्या रक्ताची मात्र हानि होते.

योग्य उपाय म्हणजे मांजरांसाठींच तयार केलेले थेंब. फिप्रोनिल, इमिडाक्लोप्रिड, सेलामेक्टिन अशा द्रव्यांचे हे थेंब मांजराचें वय आणि वजन पाहून डॉक्टर ठरवून देतात. मानेच्या मागें, डोक्याच्या बुडाशीं, जेथें मांजराची जीभ पोंचत नाहीं तेथें केस दुभंगून ते थेट कातडीवर सोडावयाचे. बहुतेकांचा परिणाम महिनाभर टिकतो. घरांत चार मांजरें असतील तर चारही, आणि कुत्रा असेल तर त्याला त्याचें वेगळें औषध, एकाच वेळीं.

उरलें घर. तेथें फार मोठी विद्या लागत नाहीं, चिकाटी लागते. मांजर ज्या गोधडीवर निजतें ती दर आठवड्यास कढत पाण्यांत धुवावी. गाद्या, उशा, जाजमें कडक उन्हांत घालावींत. ऊन आणि कोरडेपणा अळ्यांना सोसत नाहीं. केरसुणीनें धूळ नुसती इकडची तिकडे होते. विजेचें धूळओढ यंत्र असेल तर तें फटींतून, कोचाखालून आणि पलंगाच्या पायांजवळून रोज फिरवावें. त्याच्या हादऱ्यानें कोशांतल्या पिसवा फसून बाहेर येतात, हा आणखी एक फायदा. ओढलेला केर मात्र त्याच दिवशीं पिशवीचें तोंड बांधून घराबाहेर टाकावा. जमिनीवर कीटकनाशक फवारावयाचें ठरलें तर मांजर, पिलें आणि घरांत मासे पाळलेले असतील तर ते दूर नेऊन, जमीन पुरती वाळल्यावरच परत आणावे.

औषध लावल्यावर पंधरा दिवसांनीं पुन्हां पिसवा दिसूं लागतात आणि मंडळी निराश होऊन म्हणतात, औषध खोटें. तें खोटें नसतें. मागें राहिलेले कोश उघडत असतात, आणि त्यांतून निघणारी पिसू मांजरावर चढून मरत असते. म्हणून थेंब निदान तीन महिने न चुकतां चालू ठेवावे लागतात. त्या अवधींत दर रविवारीं एकदां फणी आणि ओला कागद घेऊन बसावें, आणि डाग उमटेनासा झाला म्हणजे डॉक्टरांना विचारून मांजराला जंताचें औषध द्यावें.