मोती, शिंपले आणि मरण



माझी शाळा सातवीत सुटली. पुढले शिक्षण कामगार संघटनेच्या कचेरीत, सभा आटोपल्यावर उरेल तेवढ्या रात्रीत झाले. अरबी मला येत नाही. इंग्रजी भाषांतराची काठी टेकीत मी या कवितेपाशी पोचलो, हे आधीच सांगून टाकतो.

अर्वाचीन अरबी काव्यात पाऊस आणि दुष्काळ, मरण आणि पुनर्जन्म, घर आणि परदेश अशा विरोधी कल्पनांच्या जोड्या पावलोपावली भेटतात. टीकाकार त्यांचे मूळ तम्मूझ या प्राचीन देवाच्या कथेत दाखवितात. तो मेला की भूमी सुकते, परतला की हिरवी होते. ते खोटे नव्हे. पण इराकचा कवी बद्र शाकिर अस्-सय्याब वाचताना मला ते अपुरे वाटते.

सय्याब १९२६ साली बसऱ्याजवळच्या जैकूर खेड्यात जन्मला. लहानपणीच आई गेली. तो आणि नाझिक अल्-मलाइका ही कवयित्री यांनी १९४७ च्या सुमारास अरबी कविता जुन्या एकयमकी बांधणीतून मोकळी केली. तो कम्युनिस्ट पक्षात होता, त्यापायी नोकरी गेली, देश सोडावा लागला. पुढे तो पक्षाविरुद्ध लिहू लागला. माझे काही सहकारी एवढ्यासाठी त्याला वाचीत नाहीत; नुकसान त्यांचेच!

१९५४ सालची त्याची ‘पावसाचे गाणे’ ही कविता घ्या. तिच्यात पाऊस पडतो, पीक येते, आणि तरीही इराकात भूक आहेच. धान्याने पोट भरते ते कावळ्यांचे आणि टोळांचे. म्हणजे पाऊस आणि भूक यांचे वैर उरलेच नाही, ती हातात हात घालून येऊ लागली. असे का, याचे उत्तर आभाळात नाही, खळ्यावर आहे. त्या काळी दक्षिण इराकातली बरीचशी जमीन मोठ्या शेखांकडे होती.

याच कवितेत कवी आखाताला हाक मारतो ती त्याच्या तीन दानांच्या नावाने: मोती, शिंपले, मरण. प्रतिध्वनी हुंदक्यासारखा परततो, तेव्हा त्यात शिंपले आणि मरण एवढेच असते. मोती वाटेत कोठे गळाला? आखातातले पाणबुडे नाखुद्याची उचल घेऊन बुडी मारीत. आपल्या ऊसतोड्याची उचल, तशीच. कर्ज फिटत नसे, आणि मोती विकायला येत मुंबईच्या बाजारात. तेव्हा त्या गळालेल्या मोत्याचा पत्ता आपल्याला अगदीच अपरिचित नाही.

कुवेतमध्ये परागंदा असतानाची त्याची दुसरी एक कविता आहे. तिच्यातला माणूस पाण्यापलीकडच्या इराकसाठी झुरतो, आणि परतीच्या भाड्याला नाणी पुरत नाहीत. तिथून परतलेल्या एका कोकणी सुताराला मी तिचा आशय सांगितला. तो म्हणाला, “साहेब, भाड्याचे पैसे होते माझ्याकडे. पासपोर्ट मालकाच्या कपाटात होता.”

सय्याबला तेव्हा घरी परतता आले. पण १९६४ च्या डिसेंबरात, चाळिशीच्या आतच, त्याला मरण आले ते कुवेतच्याच इस्पितळात.